आगीवरचा कागद

आखातातल्या अर्दियाहून निघालेल्या बसमध्ये दर्शनाच्या मागच्या बाकावर गोदामातले दोन कामगार बोलत होते. एक आजच गावाहून परतला होता.

"झहूरभाई, सुट्टीवरून येतो तर आपल्या खोलीच्या मागल्या दाराला कुलूप!"

"चोऱ्या होतात म्हणे. आणि दारावर ठेकेदारानं एक कागद चिकटवलेला, महादेव."

"कसला?"

"लॅटिन मंत्राचा. चौकोनात पाच शब्द, कुठूनही वाचा, तेच. युरोपात पूर्वी आग लागू नये म्हणून घरावर लिहायचे म्हणाला."

"म्हणजे आग लागली की आपण वाचत बसायचं?"

"हसू नको. खोलीखाली थिनरचे डबे रचलेत."

दर्शनानं हातातला मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"मग कुलूप काढायला सांगा की," महादेव म्हणाला.

"सांगितलं. म्हणाला, मंत्र असताना दार कशाला हवं? म्हणून काल मी तो कागदच फाडला."

"शाबास! मग उघडलं?"

"नाय रे. सगळ्यांना गोळा करून म्हणाला, आता आग लागली तर ती झहूरमुळे."

"आणि आपल्या खोलीतली पोरं काय म्हणाली?"

"माझ्याशी बोलत नाहीत. काल सगळी मिळून कागदाचे तुकडे जुळवत होती. किल्ली कुणीच मागितली नाही."