मोर आहे हो तो!

...आणि वर आमच्या सासूबाई मलाच विचारतात, "गो, तुका रातची झोप कशी येना नाय?" अहो, झोप येईल कुठून? तुम्हाला सांगते, मागच्या नारळी पुनवेच्या आधी ओळीने तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि कशापायी? तर एका चामड्यापायी! म्हणजे चामड्यापायी असं नाही, हिरापायी... म्हणजे हिरा आणि चामडं... थांबा, सरळ सांगते. आता सरळ शेवटापर्यंत सांगायचं म्हणजे मला अवघडच, कारण मी सुरू केलेलं काहीही शेवटाला जात नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. शिक्षण नववीपर्यंत. स्वेटर एका बाहीचा. आमचे हे शाळामास्तर, ते म्हणतात, "असू दे, मालवणात एक बाहीसुद्धा जास्तच होते." यांचं सांत्वन हे असं!

पण स्वेटरचं सोडा. हिरा म्हणजे माझी लेक, तेव्हा साडेतीन वर्षांची. बोलत नाही असं नाही हो, बोलते! पण शब्दाचं पहिलं अक्षर बोलते आणि उरलेलं ठेवून देते, जसं काही उद्याला लागणार आहे. पाण्याला 'पा', भाताला 'भा', माशाला 'मा' आणि मांजराला 'मां'. एक दिवस आपली 'मा-मां! मा-मां!' म्हणून ओरडतेय. मला वाटलं, रत्नागिरीहून माझा भाऊ आला! मी पदर सावरून दारात उभी, आणि मागच्या मागे मांजर बांगडा घेऊन पसार! मला 'आ' म्हणते आणि आजीलाही 'आ'. हाक आली की दोघी धावतो आणि दोघी एकमेकींवर आपटतो.

वैद्यांनी जीभ पाहिली. "जीभ बरी आसा. चेडू बोलतला, घाय करू नको." पोर बोलेल, घाई करू नको! यांना काय जातंय? शेजारच्या विमलाकाकी म्हणाल्या, "शिकलेल्या आवशीचा चेडू गो, शबुद जपान वापरता." म्हणजे शब्द जपून वापरते म्हणे! हसल्या आणि गेल्या. पण सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी कारणच शोधून काढलं. कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "तुझ्या ट्रंकेत अर्दो कोंबो, म्हणान चेडवाच्या तोंडात अर्दो शबुद. ता चामडा आदी भायर काड!"

कोंबडा! मोर आहे हो तो, मोर!

आता मोराचं सांगायलाच हवं. सत्तावन्न साल. रत्नागिरीच्या आमच्या मुलींच्या शाळेत शुक्रवारी दुपारी हस्तव्यवसायाचा तास असायचा, आणि शिकवायला राधाबाई. काय बाई होत्या, सांगू! काडीसारखा देह, पण बोटांत लोहाराचा जोर. बाकीच्या शाळांत मुली रुमालाला टाके घालत बसायच्या, राधाबाईंनी आमच्या हातात चामडं दिलं. निम्म्या मुलींच्या घरून चिठ्ठ्या आल्या, आमच्या मुलीला चामड्याला हात लावायला सांगू नये. राधाबाईंनी चिठ्ठ्या नीट घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवल्या. टेबल डुगडुगायचं थांबलं. माझ्या वडिलांनी मात्र चिठ्ठी दिली नाही. ते बंदरखात्यात कारकून. ते कुणाबरोबर तरी सांगावा धाडून कोल्हापूरहून चांगलं तांबूस चामडं मागवून बसले. ते उलगडलं तेव्हा घरभर जो वास सुटला... तुम्हाला सांगते, अजून पायताणाच्या दुकानावरून जाताना मी उगीच रेंगाळते. लोकांना वाटतं, बाईला चपला घ्यायच्या आहेत.

ते चामडं आधी ओल्या फडक्याने भिजवायचं, मग बोथट तोंडाच्या सळीने दाबत-दाबत चित्र उठवायचं. आणि राधाबाई मागून फिरत एकच सांगायच्या, "मुलींनो, ओल्या चामड्यावर उमटलं ते उमटलं! पुसता येणार नाही! नखसुद्धा जपून!" आम्ही श्वास धरून बसायचो. खिडकीतून खारा वारा यायचा, कुणीतरी खुदकन हसायचं, की सगळ्याच हसायच्या, की एकीची सळी सरकायची, की मग ती रडायची. माझी कधी सरकली नाही. खोटं नाही सांगत! आयुष्यात एकाच ठिकाणी माझा हात थरथरला नाही, ते ठिकाण म्हणजे तो मोर. तुरा झाला, डोळा झाला, मान तर अशी झाली की राधाबाईंनी चष्मा काढून पाहिली. राहिला पिसारा. जेमतेम पाच पिसं झाली आणि माझं लग्न ठरलं! पावसाळ्यात आगबोट बंद होणार, त्याआधी नवरी मालवणात पोचायला हवी, म्हणून सगळी घाई. राधाबाईंनी मोर वर्तमानपत्रात गुंडाळला, सळी त्याला बांधली आणि म्हणाल्या, "पिसारा तिकडे पुरा कर हो." अहो, तिकडे! जशी काही मी सासरी पिसारा करायलाच चालले होते!

आगबोट मालवणच्या बंदराबाहेर थांबली, पडावात उतरले, ट्रंक उतरली, आणि दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी ट्रंक उघडली. चामडं दोन बोटांत धरून म्हणाल्या, "कोंबो बरो काडलंस गो!"

म्हटलं, "मोर आहे तो, मोर!"

"मोर खंयचो? मोराक शेपूट कितको मोटो! हो कोंबो."

नवी नवरी, काय बोलणार? पाच पिसांचा मोर कोंबड्यासारखाच दिसतो, हे खरं तर मलाही तेव्हाच दिसलं. पण सांगायला गेले का? आणि सळी? सळी सासूबाईंनी उचलली, दिव्याजवळ नेऊन निरखली आणि दुसऱ्या दिवशी तिने खडकावरची कालवं उघडली. टोपलीभर! तेव्हापासून त्या साऱ्या वाडीला सांगतात, "सुनेन म्हायेरसून येक तरी वस्तू कामाची हाडल्यान." झालं! आता पिसारा कशाने पुरा करू? करवंटीने?

म्हणून मग मी ठरवलं, पुरा होत नाही तर निदान उपयोग तरी शोधायचा. आधी भिंतीवर टांगला. आषाढात त्याला अशी बुरशी चढली की विमलाकाकी म्हणाल्या, "गो, कोंबो म्हातारो झालो!" मग सासूबाईंची पोथी जीर्ण झाली होती, तिला कव्हर करावं म्हणून अर्धा तास मापं घेतली. मोठ्या प्रेमाने! सासूबाई आल्या. पुढचं मी सांगत नाही. एवढंच सांगते की पोथी उन्हात गेली, मी अंगणात गेले आणि मोर ट्रंकेत गेला. मग यांच्या हजेरीपटाला बांधला. हे भोळे, घेऊन गेले. वर्गात हजेरीपट टेबलावर ठेवला, पहिल्या मुलाचं नाव पुकारलं, आणि तो 'हजर' म्हणण्याआधी शेवटच्या बाकावरून आवाज आला... "कुकूऽऽचकू!" यांनी आठ दिवस सोसलं. नवव्या दिवशी शाळा तपासायला साहेब आले, त्यांनी हजेरीपट हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "वा मास्तर! झुंजीचा कोंबडा काय?" संध्याकाळी यांनी मोर माझ्यापुढे ठेवला. मीच म्हटलं, "मोर आहे हो तो." तर म्हणतात, "मला माहीत आहे. मी एकटाच आहे."

आणि मग त्या मागच्या पुनवेच्या आधी नानांनी मागितला. नाना म्हणजे माझे सासरे. दिवसाला दहा शब्द बोलतात, त्यातले सात समुद्राशी. पुनव झाली की होड्या समुद्रात जायच्या. वल्हं होडीच्या काठावर जिथे घासतं तिथे चामडं गुंडाळायचं असतं, आणि जुनं कुजून गेलेलं. नाना माझ्यासमोर येऊन उभे राहिले, खाली बघत म्हणाले, "सुनबाय, ता चामडा तुका कामाचा नसात तर माका वल्ह्याक होया. असात तर ऱ्हवांदे. पुनवेच्या आदी सांग."

असं कुणी मागितलं तर नाही कसं म्हणायचं, सांगा ना! दरडावून मागितलं असतं तर भांडले असते. आणि हिराचं ते अर्धं-अर्धं... मी नववी शिकलेली बाई, चामड्यातल्या मोरामुळे लेकरू तोतरं होतं, यावर माझा विश्वास नाही! दिवसा नाही. रात्री मात्र अंथरुणावर पडलं की वाटायचं, खरंच हा अर्धवटपणा माझाच असेल तर? बोलण्यात उतरला असेल तर? शिक्षण अर्धं, स्वेटर अर्धा, मोर अर्धा, ते सगळं चालेल हो, पण हिरा? तिला तरी मी पुरी वाढवीन ना? हे घोरतायत, समुद्र गाजतोय, आणि मी छताकडे बघत हिराचे शब्द मोजतेय. आणि मोजायचे तरी कसे? दोन अर्धे मिळून एक धरायचा का?

चौथ्या दिवशी उठले आणि ठरवलं. वल्ह्याला जायचं तर जाऊ दे, पण पुरा होऊन जाऊ दे!

दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. कालवांच्या टोपलीतून सळी चोरली. तिचं तोंड शिंपल्यांनी खरबरीत झालेलं, पाट्यावर घासलं. चामडं ओल्या फडक्याने भिजवलं, आणि तो वास आला! तोच! पाच वर्षं ट्रंकेत, आषाढाची बुरशी, हजेरीपट, सगळं सोसून तोच वास! हिरा बाजूला बसून टकमक बघतेय. मी सहावं पीस केलं. हात थरथरला नाही. सातवं केलं. मागून राधाबाई चालतायत असं वाटलं, खरंच मी मागे बघितलं हो! आठव्याला सळी टेकवली, आणि आतून सासूबाई, "गो सुनबाय! पेज उतू गेली! सळी खंय गेली माझी?"

धावले. चुलीखालचं लाकूड ओढलं, सासूबाईंना काहीतरी खोटंनाटं सांगितलं, परत आले... आणि बघते तर हिराने मोर दोन्ही हातांत धरलेला, तोंडात घातलेला, आणि कणसासारखा, इकडून तिकडे, फिरवून-फिरवून, चावतेय! मी ओढून घेतला. मोराच्या मागे, जिथे जागा रिकामी होती तिथे सगळीकडे दात! इवले-इवले, अर्ध्या चंद्रासारखे, ओळीवर ओळी! ओल्या चामड्यावर उमटलं ते उमटलं!

मी मटकन खाली बसले आणि रडले. चामड्यासाठी? छे हो. पण हेही माझ्या हाताने पुरं झालं नाही ना! सासूबाई आल्या, त्यांना आधी सळी दिसली, मग मी दिसले, मग त्या सळीबद्दल काही बोलल्या नाहीत. हे शाळेतून आले. नाना होडीवरून आले. मी म्हटलं, "नाना, न्या. पुरा होतच नाही तो."

नानांनी चामडं घेतलं. हात लांब केला, डोळे बारीक केले, दूरचं शीड बघतात तसे. बघत राहिले. ते इवले अर्धे चंद्र, पिसाऱ्यावर डोळे असतात तसे...

"गो," नाना म्हणाले, "हो मोर आसा काय?"

तुम्हाला सांगते, पाच वर्षांत पहिल्यांदा! सासूबाई वाकून बघायला लागल्या. हे म्हणाले, "मी एकटा नाही आता." नानांनी बोट फिरवलं त्या दातांवरून, आणि चामडं माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्येच्यार माझ्या नातीचे दात आसत. हे वल्ह्याक घासूचे? मी सुंभ गुंडाळीन." आणि बाहेर गेले. दिवसाचे शब्द संपले असणार.

दुधाचे दात कुणी जपून ठेवतं का हो? पडतात, कौलावर टाकतो, संपलं. माझ्याकडे आहेत! सगळे! मोराचा उपयोग सापडला होता.

आता एवढं झाल्यावर माझा धीर कुठला निघायला? हिराला मांडीवर घेतलं, मोर तिच्यासमोर धरला, सगळे भोवती, आणि अगदी राधाबाईंच्या आवाजात विचारलं, "हिरा, सांग बाळ, हा कोण? मो...? मो...?" सासूबाईंनीसुद्धा श्वास धरला. हिराने मोराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ओठ चाटले, तोंड वाकडं केलं आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा, एकही अक्षर न गाळता, स्पष्ट, खणखणीत म्हणाली,

"कोंबो कडू लागता!"