मागची खोली कशात धरायची

झर्र— असा आवाज आला, ताई, एकसारखा, मध्ये कुठे न अडकता, आणि मी हातातलं काम टाकून मागे वळून बघितलं. फार जुनी गोष्ट, पण कान काही विसरले नाहीत. चेन लागल्याचा आवाज. बॅगेची चेन हो. तुम्ही आता विचारलंत ना, की दुकानात तुमच्याशिवाय आणखी कोण काम करतं— त्यावरून आठवलं, बाकी काही नाही. एका गिऱ्हाइकाची मोठी प्रवासाची बॅग होती, त्याला त्याच दिवशी गाडी पकडायची होती, आणि मी सकाळपासून त्या चेनशी झटत होतो. रनर बदलला, दात सरळ केले, मेण घासलं— चेन आपली ढिम्म. शेवटी वैतागून बाजूला ठेवली आणि दुसरं काम ओढलं. तर मागून हा आवाज. बघतो तर ही बॅग मांडीवर घेऊन बसलेली. नुकतंच लग्न होऊन आली होती, माझ्याशी मान वर करून बोलायचीसुद्धा नाही, आणि चेन इकडून तिकडे, तिकडून इकडे, लोण्यातून सुरी फिरावी तशी. म्हटलं, काय केलंस? तर म्हणाली, "अस्तर चावत होतं." बस, एवढंच. आतल्या कापडाची कड सुटून दातांत जात होती, ती हिनं दुमडून टाक्यानं बसवली. मी बाहेरून बघत होतो आणि ही आतून. तीच ही, माझ्या शेजारी बसलीये ती. नमस्कार कर गं ताईंना— केलास का? बरं, बरं.

तर तुम्ही लिहा, कोणी नाही. मी एकटाच. नोकर नाही, कामगार नाही, पगार म्हणून कुणाला कधी काही दिलेलं नाही. आपली गाडी नाकासमोर. आतापर्यंत हा कराचा कागदसुद्धा समोरचे औषधवाले भरून द्यायचे, दुकानात गिऱ्हाईक नसलं की. पण यंदा त्या सहलवाल्या कंपनीनं त्यांच्या सगळ्या बॅगा आमच्याकडे टाकल्या, चाकं म्हणू नका, हँडल म्हणू नका, आणि औषधवाले म्हणाले, काका, आता हे माझ्या आवाक्यातलं नाही, शिकलेल्या माणसाकडे जा, नाहीतर नोटीस येईल घरी. नोटीस म्हटल्यावर बिलं शोधायला लागलो— गल्ला उपसला, कपाट उपसलं, माळ्यावर चढलो, ही खालून म्हणतेय उतरा, उतरा, आणि बिलं कुठे? हिच्या पिशवीत. महिन्यामहिन्याच्या जुड्या बांधून. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! तुमच्या समोर आहेत त्याच त्या. हो, अक्षर हिचंच. मला कुठे येतंय एवढं लिहायला.

काय म्हणालात? विजेचं बिल? एकच येतं, दुकान आणि घर मिळून. पुढे दुकान, मागे खोली, मध्ये पडदा. आता वाटणी कशी करायची ते तुम्ही सांगा, आपल्याला त्यातलं कळत नाही. पुढचं ते दुकान— ते दुकानाच्या खर्चात धरा. मागची खोली घरात. घरातच की. चूल— म्हणजे शेगडी आहे तिथे, ओटा आहे, आमची झोपायची जागा आहे. तिला दुकान कसं म्हणायचं? खोटं कशाला लिहायचं, ताई. नाही, मशीन पुढे नाही. शिलाईचं मोठं मशीन मागे आहे. पुढे जागाच कुठे, माझी बैठक, गिऱ्हाइकाचं स्टूल आणि टांगलेल्या बॅगा, माणसाला आडवं होऊन आत शिरावं लागतं. मशीन मागे खिडकीशी. दुकानाचंच मशीन ते, घरचं नव्हे, घरचे कपडे त्यावर शिवता येत नाहीत, चामड्याची सुई आहे त्याची. मग ते चालवतं कोण म्हणजे? ही चालवते. मला पायाचा त्रास, मला त्या मशीनवर बसवत नाही, कधीच बसवलं नाही.

हं.

नाही, म्हणजे चालवते म्हणजे काय— अस्तरं तेवढी करते. अस्तर आणि पट्टे. आणि चेन बसवायची असेल तर ती, कारण चेन मशीनवरच बसते. मी रिपिटा, म्हणजे जोडाचे खिळे, मारतो, चाकं बसवतो, बक्कल लावतो, गिऱ्हाइकाशी बोलतो. बोलणं पण काम आहे, ताई, हसू नका. एखादी बाई येते, पर्स फाटलेली, म्हणते टाकून देऊ का हो काका, तिला सांगावं लागतं की थांबा, हिचं अजून आयुष्य आहे. मग मी ती पर्स पडद्याआड देतो आणि... हो, पडद्याआड देतो. आणि ती नीट होऊन बाहेर येते. आता तुम्ही विचारता किती वेळ काम करते. वेळ कोण बघतं हो! भाताला वाफ आली की उठते, गॅस बारीक करते, परत बसते. कोणी पाहुणा आला की उठते. हे असं मध्ये-मध्ये चालतं, त्याला काम कसं म्हणायचं? ती मदत. घरचं माणूस घरच्या माणसाला मदत करतं, त्याचा कुठे हिशेब असतो?

काय? पगार? हिला? ऐकलंस का गं, ताई म्हणतायत तुला पगार द्या! साहेबीण झालीस की! — हसत नाही ती. हसली असती एरवी. प्रवासानं दमली असेल, दोन बस बदलून आलो. नाही, मला कळलं तुम्ही काय म्हणालात. नुसता कागदावर दाखवून चालणार नाही, खरंच द्यायचा, दर महिन्याला, हिच्या स्वतःच्या खात्यात, आणि कामाच्या मानानं द्यायचा. मग तो दुकानाचा खर्च धरला जाईल आणि ते उत्पन्न हिच्या नावानं लागेल. आणि मागच्या खोलीतला मशीनचा कोपरापण दुकानात धरता येईल का ते बघता. चांगलं आहे. कायद्यातलं आहे म्हणता. पण हिचं खातं नाही. लागलं कधी? घरात कधी काही मागायला लागलं नाही तिला, विचारा. मागितलंच नाही तिनं कधी. म्हणजे न मागताच— जाऊ दे. आणि आता ते करून उपयोग तरी काय, ताई, पुढच्या वर्षी दुकान आमचं नसणारच.

हो, तेच तर विचारायला आलो मुख्य. कर काय, तो भरू. मला विचारायचं होतं, दुकान माझ्या पुतण्याच्या नावावर करायचं तर विकत दिलं म्हणायचं का बक्षीस दिलं म्हणायचं— कशात कर कमी बसतो? थोरल्या भावाचा मुलगा. आम्हाला मूलबाळ नाही, तोच आता आमचं. मोबाइलच्या दुकानात होता, आता स्वतःचं काढायचं म्हणतो, मुलगी शाळेत जायला लागली, खर्च वाढला. बोलायला गोड आहे पोरगा. तो काय करणार, मधला पडदा काढणार, भिंत पाडणार, मागची खोली दुकानात घेणार, मग कसं मोठं होईल. आणि आम्हाला त्याच्या घरी वरची खोली देतो म्हणालाय. उजेडाची आहे. मशीनला जागा नाही तिथे, पण मशीन लागणारच नाही ना. मशीन पण त्यालाच जाईल, तो बघेल, भंगारात घालो नाहीतर ठेवो.

असं काय बघतेस? — हिला सांगितलं नव्हतं अजून. सांगणार होतो. घरी तोंड उघडलं की शेगडीवर काहीतरी उतू जायचं, नाहीतर मशीन सुरू व्हायचं, ते सुरू असलं की बोलता येत नाही, आवाज मोठा आहे त्याचा. मग म्हटलं, ताईंच्या समोरच बोलू, शिकलेलं माणूस समोर असलं म्हणजे सगळं रीतसर होतं, कोणी रडत-बिडत नाही. चुकलं का? अहो, हिच्यासाठीच करतोय. बोटं बघा हिची. दाखव गं. — नको तर नको. सांध्यांवर सूज येते, सकाळी मूठ मिटत नाही, मी तेल लावून देतो, एकेक बोट चोळून, हळूहळू सैल होतात. मग उठते आणि तीच बोटं घेऊन परत मशीनवर. मला बघवत नाही, ताई. मी काय म्हणतो, बस की आता निवांत. खिडकीत बस. माझ्याशी बोल. इतकी वर्षं एका छपराखाली, पण मध्ये पडदा, ती तिकडे, मी इकडे. मला वाटतं, पडदा निघाला की... काय ते तुम्हाला सांगू.

हिच्या नावावर? दुकान? नाही हो, ते डोक्यातच आलं नाही. म्हणजे नको म्हणून नव्हे. दुकान बाहेर असतं ना, आणि ही आत. पाटीवर माझं नाव, गिऱ्हाईक मला ओळखतं. आता खरं बोलायचं तर गिऱ्हाईक बॅग हातात घेतं आणि आधी अस्तर उलटून बघतं. टाका बघतं. आणि म्हणतं, काका, कसब आहे हो तुमच्या हाताला. मी म्हणतो, हो. गिऱ्हाइकाला काय पडद्याआडचं सांगत बसायचं! सहलवाल्यांचा माणूस पण टाका बघूनच— जाऊ दे, ते कशाला. पुतण्याला मी शब्द दिलाय. नुसता तोंडी, तरी शब्द तो शब्द.

विचारलं का तिला, म्हणता? विचारायचं काय त्यात, ती कधी नाही म्हणत नाही. बरं, बरं, विचारतो. तुमच्यासमोर विचारतो. अगं, ताई विचारतायत, तुझ्या मनात काय आहे? मी पण विचारतोय. पुतण्याला द्यायचं का? बोल की. इथे घाबरायचं काय, ताई आपल्याच आहेत. नको असेल तर नको म्हण. म्हण ना, एकदा म्हणून तर बघ, मी काय खातोय का तुला? — उठलीस कशाला? पाणी पाहिजे का? पाणी इथेच आहे टेबलावर, मी देतो. अगं, बिलं राहिली तुझी. अगं—

बाहेर पडली. नाही, रागीट नाही हो ती, रागवायचं तिला माहीतच नाही. येईल. तुम्ही ते पुतण्याचं नाव तेवढं लिहू नका अजून. थांबा जरा. बोलली नाही काही, बघितलंत ना? तशी ती कमीच बोलते, पण जाताना "येते" म्हणते, ताई. कुठेही जाताना म्हणते. कचरा टाकायला खाली उतरली तरी पडद्यातून डोकं काढून म्हणते, "येते हं."