मुक्यावरचे ठिपके

जेरुसलेममधल्या दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर दोन म्हातारे बसले होते. वयांची बेरीज दीडशेच्या पुढची, आवाज त्याहून मोठे.

"झेराह, शनिवारी तुझा भाऊ नफ्ताली येतोय. अकरा वर्षांनी! मिठी मारशील ना?"

"सभास्थानातली वडिलांची जागा बळकावून वर हैफाला राहायला गेला. तो माझा कोणी लागत नाही, ओवाद्या."

"अरे, या शनिवारचा पाठच तो आहे. एसावानं हक्क लुबाडणाऱ्या भावाला, याकोबाला, मिठी मारली, मुका घेतला, दोघं रडले."

"तोराच्या पोथीत त्या मुक्याच्या शब्दावर शंकेचे ठिपके दिलेत, ते नाही दिसले? जुने रब्बी सांगतात, एसाव चावायलाच गेला होता. देवानं याकोबाची मान संगमरवराची केली. मग एक मान धरून रडला, दुसरा दात धरून."

"दुसरे रब्बी म्हणतात, मुका खरा होता."

"ते एकुलते एक असतील."

"पण तुझ्या तोंडात चावायला दात कुठे उरलेत?"

"म्हणून तर शनिवारच्या आत कवळी हवीय."

"बरं, शनिवारी पोथीपुढे कुणाकुणाला बोलवायचं ती यादी मी केलीय. तोरा वाचताना तिसरा तुला बोलावणार, चौथा नफ्तालीला."

"डोकं फिरलंय का? सख्ख्या भावांना लागोपाठ बोलावतात? नजर लागते!"

"तो तुझा कोणी लागत नाही ना?"

"मध्ये कुणाला तरी घाल."

आतून माझं नाव पुकारलं. मी शेजारच्या बाईंना पुढे पाठवलं.

"कशाला घालू?"

"गेल्या महिन्यात त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालंय."

"तुला कोणी सांगितलं?"

"पेन काढ, ओवाद्या. आत्ताच्या आत्ता खोड."