कपाटातून पाचवीचा धडा

शिंपी: अहो कपाटातल्या राणीसरकार, जरा बाहेर या! वकीलबाई कोट न्यायला आल्यात आणि खुंटी रिकामी.

लेक: कोट माझ्या डोक्यावर आहे, बाबा.

वकीलबाई: माझा कोट? डोक्यावर?

लेक: सॉरी हं काकू. दुकानात आवाज घुमतो, म्हणून कपाटात बसून मोबाइलवर धडे वाचून रेकॉर्ड करते. चहूबाजूंनी कपडे लटकवले की घुमत नाही. त्यात तुमचा कोट सगळ्यात जाड.

शिंपी: ऐकलंत? लोकांची पोरं शिकून खुर्चीत बसतात. आमची गिऱ्हाइकांच्या पँटींमध्ये बसते आणि वर म्हणते, ऑनलाइन कामं करते.

लेक: बाबा, आज चेष्टा नको. त्यांनी माझा धडा परत पाठवलाय.

शिंपी: त्यांनी म्हणजे त्या बिनचेहऱ्याच्या मालकाने?

लेक: हो, त्यांनीच. ‘मागे माणसं बोलतायत. पाचच्या आत स्वच्छ पाठवा, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला देऊ.’ आत्ता चार वाजून दहा मिनिटं झालीत.

शिंपी: जाऊ दे गं. ओळख ना पाळख. मागच्याने नाही का वीस पानं टाइप करून घेतली आणि गुल झाला? दोन दिवस जेवली नव्हतीस.

लेक: म्हणून तर या वेळी सगळं विचारून घेतलंय. हा नमुन्याचा धडा पसंत पडला की चाळीस धडे मिळणार, दहा झाले की दहांचे पैसे. शेवटच्या वर्षाची फी मी भरीन असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलंय. नाही जमलं तर कॉलेज सोडून वर्षभर कुठेतरी काउंटरवर उभी राहीन. आणि हे सगळं कुणामुळे? तुमच्यामुळे!

शिंपी: माझ्यामुळे? वा गं वा! काल तू आत गेल्यावर मी मशीन बंद ठेवलं. आणि बोलणं सुटू नये म्हणून ओठांत पाच टाचण्या धरून बसलो होतो. शिंक आली ती गिळली. आणखी काय करायचं बापाने?

लेक: मग मागे बोललं कोण? शिवणयंत्र?

वकीलबाई: मास्तर, आरोप गंभीर आहे. पुरावा मोबाइलमध्ये असताना तोंडी जबाब कशाला? वाजव गं.

शिंपी: वाजव, वाजव. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

(लेक मोबाइल कटिंगच्या टेबलावर ठेवते.)

मोबाइलमधली लेक: इयत्ता पाचवी. धडा तिसरा. उन्हाने पाणी तापतं आणि त्याची वाफ होते. ही वाफ डोळ्यांना दिसत नाही...

मोबाइलमधला शिंपी: हळू बोला हो. आत लेक काम करतेय माझी.

लेक: हं! टाचण्या बोलल्या बघा!

शिंपी: ते... कुणीतरी आलं होतं. त्यांना गप्प करायला दोन टाचण्या काढाव्या लागल्या.

मोबाइलमधल्या वकीलबाई: कसलं काम, मास्तर? माझ्या कोटाच्या बाह्या आखूड करून झाल्या का?

वकीलबाई: अगंबाई. ही मीच की. म्हणजे मी सहआरोपी.

लेक: काकू, तुम्हीसुद्धा?

शिंपी: बरं, सापडलो आम्ही दोघं. कर बंद आता.

लेक: का? अजून आहे की पुढे.

शिंपी: पुढे काही नाही. बाह्यांचंच बोललो. बंद कर म्हणतो ना!

वकीलबाई: पुरावा अर्धवट ऐकत नाहीत, मास्तर. हात काढा मोबाइलवरचा.

मोबाइलमधला शिंपी: बाह्या उद्या देतो. आत्ता मशीन बंद आहे. तिला सांगितलंय, तुला खडखड नको म्हणून बंद ठेवतो. तसं काही नाही हो. मशीन चालू असलं की मलाच ऐकू येत नाही.

मोबाइलमधल्या वकीलबाई: तुम्ही धडे ऐकता?

मोबाइलमधला शिंपी: लोक मास्तर म्हणतात, पण माझी शाळा चौथीनंतर सुटली. वडील गेले आणि या मशीनवर बसलो. चाळीस वर्षं रोज इस्त्रीवर पाणी मारतोय, ते चर्र होऊन जातं कुठे हे आज कळलं बघा. काय छान सांगते पोरगी! तिच्यासमोर म्हणायचं नाही, नाहीतर डोक्यावर चढून बसेल. श्श, पुढचं वाचतेय...

(लेक मोबाइल बंद करते. दोघी शिंप्याकडे बघतात.)

शिंपी: झालं समाधान? बघताय काय दोघी? मला काजं करायचीत.

लेक: बाबा.

शिंपी: बाबा-बिबा नंतर. पाठवायच्या आधी शेवटपर्यंत ऐकलं का नाहीस ते सांग आधी. शिवलेला कपडा गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी उलटा करून बघायचा, हे तुला फ्रॉक घालत होतीस तेव्हापासून सांगतोय.

लेक: माझाच आवाज ऐकायची लाज वाटते मला. आणि उकडत होतं म्हणून दार फटभर उघडं ठेवलं होतं, तेही चुकलंच.

वकीलबाई: आरोपीने गुन्हा कबूल केलाय. साडेचार व्हायला आले. मास्तर, माझा कोट तासभर जामिनावर सोडते. जा गं आत, आणि दार घट्ट लाव.

शिंपी: वकीलबाई, तुम्ही बसा. आणि या घ्या.

वकीलबाई: हे काय?

शिंपी: टाचण्या. तीन तुम्हाला, तीन मला.

(लेक कपाटात जाऊन धडा पुन्हा वाचते आणि बाहेर येते.)

लेक: झालं! आलं का काही ऐकू?

शिंपी: एक अक्षर नाही. दार पक्कं बसलंय तुझं. घामाने भिजलीस की गं. जा, पाठवून टाक पटकन.

लेक: अजून वीस मिनिटं आहेत. कपडा उलटा करून बघायचाय ना? बसा इथे. मी लाजेने मान खाली घालते, तुम्ही ऐका.

शिंपी: मला काय कळतंय त्यातलं.

लेक: चूक नसेल कळत. समजलं की नाही, एवढं तर कळेल? ज्या मुलांसाठी वाचतेय त्यांनाही तेवढंच हवंय.

वकीलबाई: बसा हो मास्तर, नखरे पुरे.

(लेक धडा वाजवते, शिंपी कान देऊन ऐकतो.)

शिंपी: हं, हं... ती वाफ वर जाऊन गार होते, तिथे जरा घाई केलीस. मी मागेच राहिलो.

लेक: खरंच की. तेवढं वाक्य परत वाचते. दोन मिनिटं.

वकीलबाई: पाचला सहा कमी.

लेक: गेलं! बाबा, हा काकूंचा कोट धरा. ...आता देव पाण्यात.

शिंपी: नखं खाऊ नकोस. नाही दिलं त्याने, तर मी आहे ना. माझी कैची काय गंजलीय?

लेक: तुम्ही गप्प बसा, मला रडू येईल. ...आलं, उत्तर आलं! ‘आवाज स्वच्छ आहे. गार होण्याचा भाग फार छान समजतो. चाळीसही धडे तुम्ही वाचा.’ बाबा!

शिंपी: म्हणजे चाळीस दिवस माझं कपाट गेलं म्हणायचं.

वकीलबाई: मास्तर, डोळे पुसा आधी, पाणी कोटावर पडेल.

शिंपी: घाम आहे तो. कपाटाची गरम हवा लागली.

लेक: रोज पाठवायच्या आधी ऐकायला कुणीतरी लागेल मला. चार वाजता. मशीन बंद ठेवून.

शिंपी: धडे कितवीपर्यंतचे आहेत म्हणालीस?

लेक: पाचवी ते सातवी. पाचवीपासून सुरुवात.

शिंपी: बरोबर आहे. मी तिथंच थांबलो होतो.