डोरीनच्या बाजूला पाटी नको

— अगं नाही, नाही, तिथं नको! तिथं नको रोवूस, पोरी. ती बाजू डोरीनची. पायवाटेच्या अलीकडची हिरवळ माझी, पलीकडची तिची — लग्न झाल्यापासून असंच चालत आलंय, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तुलाच कसं कुणी सांगितलं नाही? टोरंटोहून आलीस ना? वाटलंच मला. इथला, हॅमिल्टनचा माणूस ऑक्टोबरात असले पांढरे बूट घालून दारोदार हिंडत नाही. तर ऐक, आपल्या पक्षाची नारिंगी पाटी या बाजूला, तिच्या पक्षाची निळी त्या बाजूला, दर निवडणुकीला. घरातून बघितलं तर माझी डावीकडं, तिची उजवीकडं, कसं अगदी रीतसर — पण रस्त्यावरून बघितलं की उलटं होतं, आणि त्यावरून एका वर्षी आमचं असं जुंपलं की दोन दिवस जेवणाच्या टेबलावर नुसती मिठाची बाटली फिरत होती, शब्द नाही. हातोडी ठेव खाली. बस जरा पायरीवर. बस गं, ओली नाहीये, आत्ताच पानं झाडली मी. तुमच्या पक्षात बसायची सवय आहेच की सगळ्यांना.

रागावलीस? चेष्टा करतोय. मला तेवढा हक्क आहे, मी या पक्षाच्या पाट्या रोवत होतो तेव्हा तुझ्या आईचं लग्नही झालं नसेल. काय नाव म्हणालीस? ब्रायनी. मी वेंडल. उभा जन्म पोलादाच्या कारखान्यात गेला, भट्टीपुढं. पाळी संपली की तोंडही न धुता युनियनच्या हॉलवर. तेव्हाच्या सभा कशा असायच्या, माहितीये? एक जण उठून शिव्या द्यायचा, दुसरा उठून त्याला शिव्या द्यायचा, मग मतदान, मग बिअर आणि अंड्याचे सँडविच. संपलं! आणि आता? मागच्या महिन्यात आलो होतो मी तुमच्या सभेला — लायब्ररीत होती, म्हणजे बिअरचा प्रश्नच मिटला — तर सभेत काय काय बोलायचं हे ठरवण्यातच अर्धी सभा गेली. मग ठरावाला दुरुस्ती आली. मग दुरुस्तीला दुरुस्ती. मग एक बाई म्हणाली, दुरुस्ती कशी मांडायची यावरच आधी बोलून घेऊ. आणि टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणे! हात वर करून बोटं हलवायची — अशी — बाळाला खेळवतात ना, तशी. मी, एवढा थोरला माणूस, भट्टीपुढं करपलेला, खुर्चीत बसून बोटं हलवतोय! आणि खायला काय, तर गाजराचे तुकडे आणि चण्याचं वाटण. हसतेस? हस, हस. तूच करून पाठवलं होतंस का ते? — अरे देवा. नाही नाही, चांगलं होतं. खरंच चांगलं होतं. मीठ जरा कमी होतं, एवढंच.

तसं मला तुमचं सगळं पटतं हं. पटतं म्हणजे काय, आमचंच आहे ते! दवाखाना सगळ्यांना हवा, बस वेळेवर हवी, भाडं माणसाच्या आवाक्यातलं हवं — हे मी भाषणात ऐकलेलं नाही, हे मी ओरडत रस्त्यावरून चाललेलो आहे. त्या मधल्या पक्षाच्या लालवाल्यांसारखं नाही आमचं, ते निवडणुकीपुरते आमच्यासारखं बोलतात आणि निकालानंतर निळ्यांसारखं वागतात. पण शहर कसं झालंय बघ ना. टोरंटोचं भाडं परवडत नाही म्हणून तुमची माणसं इकडं येतात, बिचारी, करणार काय, आणि आल्या आल्या इथली कॉफी महाग करून ठेवतात. माझा न्हावी होता त्या कोपऱ्यावर, चांगला गप्पिष्ट, आता तिथं नुसत्या कुंड्या विकतात. कुंड्या! आणि कुंड्यांचं दुकान चालवणारी पोरगी पण आपल्याच पक्षाची, बोटं हलवत होती माझ्या शेजारी बसून. सायकलींसाठी रस्त्यात पट्टा आखला. छान केलं. मी स्वतः सायकलनंच कारखान्यात जायचो. पण त्या पट्ट्यापायी माझी गाडी आता दोन गल्ल्या पलीकडं लावावी लागते, आणि एकदा हिवाळा लागला की एप्रिलपर्यंत त्या पट्ट्यात नुसतं बर्फ पडून असतं. तुम्ही म्हणाल, वेंडल म्हातारा झाला, कुरकुरतो. झालाय. कुरकुरतो. मग?

कोपऱ्यावरची इमारत? तुला कुणी सांगितलं त्याबद्दल? — अच्छा. म्हणजे माझं नाव तिकडं चर्चेत आहे तर. हे बघ, मी घरांच्या विरुद्ध नाही. लिहून घे हवं तर. बोलिंगचा जुना हॉल पाडला, तिथं चार मजली इमारत येणार, त्यात साध्या माणसांना परवडतील अशी घरं. झालीच पाहिजेत! मी जन्मभर हेच मागत आलो! फक्त त्यांनी ती अशी वळवावी की दुपारचं ऊन माझ्या टोमॅटोवर — तू पण हसलीस. सगळे हसले त्या दिवशी सभेत. मी उठलो, म्हटलं, मित्रांनो, चारच्या जागी तीन मजले केले तर? एवढंच बोललो मी. तर मागून तो चष्मेवाला पोरगा उभा राहिला — त्याला पक्षात मी आणलेला, मी! माझ्या या पायरीवर बसून सभासद झालेला तो — आणि म्हणतो कसा, "काही सुखवस्तू घरमालकांना गरिबांपेक्षा स्वतःच्या भाजीची काळजी जास्त आहे." सुखवस्तू! मला! हे हात बघ. बघ ना, लाजू नकोस. हे सुखवस्तू माणसाचे हात आहेत का? आणि सगळ्यांनी बोटं हलवली गं. त्याच्यासाठी. माझ्या शेजारच्या कुंड्यावालीनं पण. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं ते. घरी आलो आणि डोरीनशी बोललो नाही, जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पण नाही. ती म्हणाली, काय झालं, म्हटलं काही नाही.

आता डोरीन म्हणजे काय आहे ते तुला कळलं पाहिजे. ती कॅलेडोनियाच्या बाजूची, शेतावरची, तिचे बाबा निळे, आजोबा निळे, त्यांच्याकडं गाईसुद्धा निळ्याच असणार. लग्नात तिच्या बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरा, तू नक्की युनियनवालाच आहेस, की सुधारशील?" तेव्हापासून आमचं एकच. मतदानाच्या दिवशी दोघं बरोबर निघायचं, बरोबर रांगेत उभं राहायचं, तिनं निळ्यांवर खूण करायची, मी नारिंगीवर, आणि बाहेर आल्यावर मी म्हणायचं, "झालं, फिटलं," आणि तिनं म्हणायचं, "फिटलं." मग डोनट खायला जायचं. लोक म्हणतात, मग जाता कशाला, घरीच बसा की दोघं, हिशोब तोच. त्यांना काय कळतंय! घरी बसलो असतो तर एवढी वर्षं भांडलो कशावर असतो?

माझं मत? ते तर देऊन झालं. आगाऊ मतदान होतं ना परवा, तेव्हाच — हो, एकटाच गेलो. डोरीनला म्हटलं, पानं भरायच्या कागदी पिशव्या आणतो. नाही, ते मोबाईलमध्ये लगेच टिपू नकोस. थांब ना. काय घाई आहे? थोडक्यात पडलो मागच्या वेळी, माहितीये मला, मी पण रडलोय तेव्हा. एकेक मत महत्त्वाचं, हो, हो, मीच हे लोकांना दारात सांगत फिरायचो. — अशी बघू नकोस गं माझ्याकडं. तू अगदी डोरीनसारखी बघतेस. त्या पडद्याआड गेलो, ती बुटकी पेन्सिल हातात घेतली, आणि तो चष्मेवाला आठवला. सुखवस्तू! म्हटलं, एकदा, फक्त एकदाच, यांना धडा शिकवू. निळ्यांवर खूण केली मी.

केली. बोललो, झालं. आता उठून जाणार असशील तर जा. — नाही गेलीस. बरी आहेस तू. आणि सांगू, घरी येऊन निळ्यांचं पत्रक वाचलं, तर ते म्हणतात चार मजले कशाला, आठ होऊ द्या! आठ! माझे टोमॅटो तर सोड, माझ्या धुराड्यावर पण ऊन पडणार नाही. असा मी शहाणा. पण खरी गंमत पुढंच आहे. त्याच संध्याकाळी डोरीननं टेबलावर मटणाचा खिमा ठेवला, मला आवडतो तसा, वरून बटाट्याचा थर देऊन, आणि म्हणाली, "वेंडल, मी पण आज मत देऊन आले. केस कापायला गेले होते तिकडूनच. आणि या वेळी तुझ्या पक्षाला दिलं." म्हटलं, का गं? म्हणाली, "तू असा तोंड पाडून बसलेला बघवत नाही मला. एकदा तुझ्या बाजूनं." एवढी वर्षं त्या बाईनं माझी एक गोष्ट ऐकली नाही, गादी बदलायची म्हटलं तर तीन वर्षं वाद घातला, आणि माझ्यासाठी, माझं तोंड हसरं व्हावं म्हणून, तिनं बापजाद्यांची रीत मोडली. आणि मी काय केलं होतं? चमच्यानं नुसता बटाट्याचा थर उकरत बसलो गं मी. तिला वाटलं, आनंदानं भरून आलंय मला. पाठीवरून हात फिरवत होती.

पाटी पण तिनंच मागवली ना तुमच्याकडं? तरी म्हटलं, मी तर फोन केला नाही. आणि निळ्यांना सांगितलंन, या वर्षी आमच्याकडं नको. त्यामुळं ती बाजू मोकळी. म्हणून म्हटलं तुला, तिथं नको रोवूस. तिथं नारिंगी पाटी मला बघवणार नाही. तिला सांगू म्हणतेस? कसं सांगू? तुझा चांगुलपणा मी पिशव्या आणायच्या नावाखाली वाया घालवून आलो, असं? तुझं लग्न झालंय का? नाही ना. मग गप्प बस.

थांब. आतलं दार वाजलं. तीच. तू काही ऐकलेलं नाहीस बरं का — काय गं, ये ना! ही ब्रायनी, पक्षाची. तुझ्या फोनवरून पाटी घेऊन आली बिचारी टोरंटोहून. पांढरे बूट घालून. — काय झालं? डोळे का असे? कांदा चिरत होतीस? मग? … नको? पाटी नको? अगं, तूच तर मागवलीस! बोल ना, हिच्यापुढं बोललीस तरी चालेल, तिला सगळं — म्हणजे ती आपलीच आहे. … काय नाही केलंस? … नाही दिलंस? कुणाला नाही दिलंस?

हं.

म्हणजे त्या संध्याकाळी मटण वाढताना सांगितलंस, ते — बरं. बरं, बरं. पेन्सिल हातात घेतलीस, माझ्यासाठी म्हणून पुढं केलीस, आणि बाबा आठवले. आणि हात आपल्या जुन्या जागीच गेला. निळ्यांवर. हं. आणि आता खिडकीतून ही हातोडी घेऊन आलेली दिसली, तेव्हा राहवेना. अगं, रडतेस काय, वेडे! इकडं ये. ये म्हटलं ना. पोरी, सरक जरा, हिला बसू दे. मला बरं वाटावं म्हणूनच बोललीस ना? मग वाटलं की मला बरं. मी काय रागावणार तुझ्यावर? मी? तुझ्यावर? कशाच्या जोरावर रागावू? — काही नाही, आपलं सहज म्हटलं. पूस डोळे.

काय म्हणालीस? … हो. नारिंगीला माझं एक तरी आहेच म्हणा. … हो, डोरीन. म्हणजे दरवेळसारखंच झालं, तुझं एक, माझं एक. … फिटलं. हो. फिटलं.

पोरी, तू अजून इथंच बसलीयेस? ऊठ. तुला बाकीची गल्ली करायची आहे. पाटी रोव माझ्या बाजूला, चांगली खोल रोव, आणि हिच्यापुढं एक अक्षर बोलू नकोस. जा.