इंजिनाचं झाकण

मुरुडच्या एस.टी. स्टँडवर मनुबाई रेवसच्या गाडीची वाट बघत बसली होती. पाठीमागच्या बाकावर एक जोडपं होतं. त्याच गाडीनं मुंबईला कामावर परत निघालेल्या नवऱ्यानं सहज म्हणून गाठोडं सोडलं, आणि मनुबाईचे कान तिकडे लागले.

“मैना, ह्या झाकणाला काय झालं गं?”

“राखेनं घासलं.”

“अगं, हे शेटच्या मोटारीच्या इंजिनाचं झाकण हाय, तुझा तांब्या न्हवं! अल्युमिनमला राख लावली का ते काळवंडतं. तीन दिस पडवीत बसून पालिश केलं व्हतं मी. तोंड दिसत व्हतं त्यात.”

“बघितलंय की. तुमी घासताना माझंच दिसत व्हतं.”

“शिमग्याला आलो तवाच सांगितलं व्हतं, घरातल्या जर्मनच्या टोपाला बी राख लावू नको म्हणून.”

“सांगितलं व्हतं.”

“मंग इसरलीस?”

“न्हाय.”

गाडी येऊन लागली. माणसं उठली. बाकावरची दोघं बसूनच राहिली.

“परत चमकवायला किती दिस लागतील वो?”

“दोन तरी.”

“मंग दोन दिस ऱ्हावा.”

“आन् शेटला काय सांगू?”

“सांगा, बायको अडाणी हाय, तिनं राख लावली.”

मनुबाई गाडीत चढून खिडकीशी बसली. कंडक्टरनं घंटी मारली. खाली बाकावर नवरा झाकण पुन्हा गाठोड्यात बांधत होता.

“माझ्याच हातनं काळं पडलं, असं सांगीन शेटला. तुला अडाणी म्हणायला माझी जीभ न्हाय रेटायची.”