शिलाई मशीनचं चाक

नाही हो दादा, दोरीच्या आत पाय टाकत नाहीये मी, फक्त हात घालतेय — हात म्हणजे काय, एक बोट! त्या शिलाई मशीनचं चाक जरा फिरवून बघायचंय, बस. ‘हात लावू नये’ अशी पाटी आहे, दिसतंय की मला, ती पाटीही मीच रंगवलीय. ते टेबल मी केलंय, कपाट मी केलंय, खिडकीतली मांजर — हो, खोटी आहे ती, तुम्ही सकाळी तिला हाकलत होतात म्हणे? हसू नको तर काय करू! प्रदर्शनासाठी वस्तू बनवते मी, हाच माझा धंदा. कलाकारांना सुचतं आणि मी फायबर ओतते.

कलाकार म्हणजे ते, तिकडे माईकवर बोलतायत ना, ते. भाषण संपलं की या अख्ख्या खोलीवर पातळ सिमेंट ओतणार — टेबल, कपाट, मांजर, सगळं कायमचं गाडणार, आणि लोक टाळ्या वाजवणार. का? मला नका विचारू, मी त्यांना विचारलं होतं, त्यांनी समजावलं, मी मान डोलावून घरी गेले. पण एक गोष्ट त्यांनी बजावली होती — खरी वस्तू एकही नको. खरी असली की लोकांना हळहळ वाटते, आणि हळहळ वाटली की कला राहते बाजूला. बरं म्हटलं. आणि आता माझी पाचावर धारण बसलीय, कारण ते मशीन... दादा, तुम्हाला सासू आहे?

ते मशीन आमच्या सासूबाईंचं. म्हणजे — साचा त्यांच्या मशीनवरून घेतला. जुनं, काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. हात टेकून टेकून ती जिथे पुसली गेलीय तिथे मीही पुसली, पॉलिशपेपर घेऊन, अगदी तेवढीच. डुगडुगू नये म्हणून पोटात वाळू भरली, त्यामुळे उचलूनही कळत नाही. फरक एकच, माझ्या मशीनचं चाक फिरत नाही, सगळं एकसंध ओतलंय ना. दोन्ही मशीनं मागच्या खोलीत शेजारी शेजारी होती, आणि मीच एकदा तेलाची बाटली घेऊन खोट्यासमोर जाऊन बसले, आता बोला! टेम्पो आला तेव्हा मी इथे होते, भिंती रंगवत. फोनवर सांगितलं, आई, खिडकीजवळचं त्यांना द्या. आणि आज निघताना जिन्यात शेजारीण भेटली, हातात पडद्यांचं गाठोडं, तोंड एवढंसं झालेलं — अगं, तुझ्या सासूचं मशीन बंद पडलं म्हणे, चाकच हलत नाही म्हणाल्या. चाकच हलत नाही! मी तिथूनच धावत सुटले.

कारण घरी खोटं असेल, तर इथे कुठलं आलं? सासऱ्यांनी घेऊन दिलेलं मशीन हो ते. ते गेल्यापासून आमचे हे त्यावर कुणाला चहाचा कप ठेवू देत नाहीत — बाबांची आठवण! आठवण यांची, शिवायचं मात्र आईंनी. अख्ख्या इमारतीचे उशांचे अभ्रे, कुणाची पॅंट आखूड करा, कुणाची चेन बदला, नणंदेच्या पोरांचे गणवेश... मान दुखते, डोळ्यांना दोरा दिसत नाही, सुई मी ओवून देते, पण नाही म्हणायच्या नाहीत. “घरात मशीन असताना नाही कसं म्हणू?” हे ठरलेलं. कुणालाच नाही. मला तरी कुठे — हे मागचे लाल पडदे कुणी शिवलेत वाटतं तुम्हाला? मला घाई होती, आणि त्या होत्याच घरात... जाऊ दे, पडद्यांचं काय काढलं मी.

ते मशीन सिमेंटखाली गेलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू? म्हणून म्हणते, एक बोट. आभार मानायला लागले बघा ते — संपलंच आता! तुम्ही असं करा, जरा मांजरीकडे बघा. बघा हो, छान झालीय ती. हां...

फिरलं.

फिरलं हो दादा! खरंच आहे हे — थांबा, थांबवा त्यांना — आणि हे काय, बोटाला तेल? ताजं तेल. सुई काढून घेतलीय. बॉबिन काढून घेतलंय. सगळं पुसून लख्ख केलंय, कानाकोपऱ्यातली धूळसुद्धा... टेम्पोवाले असलं करतात होय? मी चुकेन एक वेळ. पण आई चुकतील? जन्मभर ज्याच्यावर मान मोडून बसल्या, ते मशीन त्यांना ओळखू येणार नाही?

त्या बघा त्या. पुढच्या खुर्चीत, ठेवणीतले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन बसल्यात. माझ्या प्रदर्शनाला आजवर कधी आल्या नाहीत, कुणाचं ना कुणाचं शिवायचंच असायचं. आज माझ्याआधी हजर. माझ्याकडेच बघतायत. मान हलवतायत — नाही. नाही म्हणतायत, दादा. किती सोपं वाटतंय त्यांना ते! आठवण त्यांची, त्यांनी तिचं काय वाटेल ते करावं.

काय? थांबवायचं? कुणाला? छे हो, खोटंच आहे ते. चाक? चाक कुठे फिरलं — तुम्ही तर मांजरीकडे बघत होतात! सरका दादा मागे, सिमेंट उडेल अंगावर.